दुसरी टाचणी

प्रिय क्लॉडेट,

हे पत्र फार उशिरा लिहितोय, राग धरू नकोस. दर रविवारी भेटणाऱ्या बापानं पत्र कशाला लिहावं, असं तुला वाटेल. पण समोर बसलो की मी हवामानावरच बोलतो. शाळांना बटाटे काढायची सुट्टी लागली तेव्हापासून चार कागद लिहिले, चारही चुलीत गेले.

ऑगस्टमध्ये तुझ्या बोअरला पाणी लागलं. माझी नात एलिस पेल्यावर पेले पिते, तू कौतुकानं सांगतेस, आणि माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. मी गावातून पाण्याचे कॅन आणतो तेव्हा जावईबापू हसतात, "लष्कराचा तळ बंद झाला, तरी तुमची रसद चालूच का?" आणि तू म्हणतेस, "पपा, तुम्ही उकडलेल्या अंड्यालासुद्धा घाबरता." खरं आहे. उभा जन्म घाबरण्यात गेला, आता कारण असलं तरी कोण ऐकणार?

हवाई दलाच्या त्या तळावर मी सत्तावीस वर्षं इंधनाच्या टाक्या सांभाळल्या. दर शुक्रवारी उरलंसुरलं इंधन आणि यंत्रं धुतलेलं तेल खड्ड्यात ओतून पेटवायचं, मग बंबवाल्यांनी त्यावर फेस मारून विझवायचं. सराव म्हणून. माझ्या जोडीला असलेला राऊल म्हणायचा, "चल आर्मां, सैतानाचं सूप चढवू." आम्ही हसायचो. तुझी आई माझे कपडे तीनदा धुवायची, तरी वास जायचा नाही.

तळ बंद झाला आणि वर्षभरात गावातली निम्मी दुकानं मिटली. मग जमिनीत काय मुरलंय ते बघायला सरकारचे तपासणीवाले आले. आम्हा जुन्या माणसांना बोलावून कॉफी पाजली, टेबलावर तळाचा नकाशा पसरला, म्हणाले, जिथं जिथं खड्डे होते तिथं लाल टाचणी लावा. आदल्या दिवशी गावचे मोठे लोक मला गाठून गेले होते, "जपून लाव रे बाबा. नकाशा लाल झाला तर कारखाना यायचा नाही, आणि पोरं बॉस्टनला जातील." तू तेव्हा सामान बांधूनच बसली होतीस.

मी एक टाचणी लावली. खड्डे दोन होते. पहिल्यात पाणी भरलं म्हणून दुसरा राऊलनं आणि मी धावपट्टीच्या उत्तर टोकाला खणला, नऊ वर्षं वापरला. बंबवाले सैनिक बदल्या होऊन कधीच पांगले, राऊल वारला, आता ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. विमानांच्या रिकाम्या हँगरमध्ये कारखाना आला, तुला नोकरी लागली, तू राहिलीस. पुढे गावानं स्वस्तात जमिनी वाटल्या आणि तू उत्तर टोक निवडलंस. दाखवायला नेलंस तेव्हा म्हणालीस, "बघा पपा, एक झाडही तोडायला नको, जागा आधीच मोकळी आहे." मी मान डोलावली. तेव्हाच बोलायला हवं होतं.

तुझी बोअर त्या खड्ड्यापासून साठ पावलांवर आहे, मी चालून पाहिलं. सोमवारी तपासणीवाल्यांच्या कचेरीत जाऊन सगळं सांगणार आहे. ते तू परक्याकडून ऐकू नयेस, म्हणून हे पत्र आज स्वतः तुझ्या टपालपेटीत टाकतोय. वाचून होताच नळ बंद कर. एलिसला डॉक्टरांकडे ने, त्यांना हा कागद दाखव. मला माफ करायची घाई नको. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर जावईबापूंकरवी, पण पाणी थांबवलं एवढं आजच कळव.

तुझाच,
पपा