पुण्यातही पसंत

आई, आज नवा लॅपटॉप आला. उघडला तर मनगट टेकायच्या जागी कंपनीच्या जाहिरातीचे पाच स्टिकर. खोबरेल तेलाचं बोट फिरवत मी ते एकेक काढत बसले आहे. चार निघाले. पाचव्याचा चिकटा नखात अडकला आणि तुझी आठवण आली. खरं तर आठवण म्हणू नये, लाज आली.

पहिला लॅपटॉप घेऊन मी पुण्याला कॉलेजात निघाले त्या सकाळी तू मसाला भाजत होतीस. अमडापूरचं आपलं छोटं स्वयंपाकघर, मिरचीचा ठसका, मी खोकत बॅग भरतेय. तू पदराला हात पुसलेस आणि पाकिटांवर लावायचं तुझं पिवळं लेबल, 'घरगुती काळा मसाला', लॅपटॉपच्या झाकणावर मधोमध चिकटवलंस. तळहाताने दोन-तीनदा दाबलंस. "पुन्याच्या पोरी पायतीन, इचारतीन," म्हणालीस. एसटी चिखलीला पोचायच्या आत मी ते नखाने खरवडून काढलं. कंपनीचे स्टिकर मात्र वर्षभर जपले. एखाद्याचा कोपरा उचलला तर दाबून बसवायचे.

मग तुझे फोन. "इचारलं काय वं कोनं?" दर वेळी तेच. एकदा कंटाळून मी म्हटलं, "हाव, साऱ्याच इचारतेत." तेवढ्यावर तू सहा पाकिटं पाठवलीस. दिवाळीला घरी आले तर चिखलीहून नवी लेबलं छापून आणलेली, खाली लाल अक्षरांत 'पुण्यातही पसंत'. बाजाराच्या दिवशी शेजारची भाजीवाली हसत होती. "पुन्याचे लोक इथं येतेत काय वं मसाल्याले?" तू पाकिटं नीट लावत म्हणालीस, "माही पोरगी खोटं कायले सांगन?" मी शेजारीच पिशवी धरून उभी होते. तेव्हा बोलायला हवं होतं. नंतरही कितीदा बोलता आलं असतं; पण तू ते लेबल चिकटवून झालं की त्या लाल ओळीवरून एकदा बोट फिरवायचीस, आणि मी पुढचं पाकीट तुझ्या हातात द्यायचे. तू गेलीस तोवर तीच लेबलं लावत होतीस.

आता लॅपटॉप कसा लख्ख झालाय. हे त्याच्यावरच लिहिलं, पाठवायचं कुठे, म्हणून असंच राहू देते. फक्त एक सांगायचं उरलं. त्या सहा पाकिटांचीही लेबलं मी काढली होती आणि मसाला साध्या बरणीत भरला होता. एकदा खोलीतली मुलगी वांग्याची भाजी खाता खाता थांबली. "हा मसाला कुठून आणलास गं? मलाही हवाय." विचारलं होतं, आई. एकीने खरंच विचारलं होतं.

मी म्हटलं, "कोपऱ्यावरच्या दुकानातून."