मालविनासचा सिनेमा येतोय

१२ मार्च
नातीने, ब्रेंडाने, फोनवर नव्या सिनेमाची झलक दाखवली. मालविनास बेटांवरून इंग्रजांशी झालेल्या आमच्या लढाईतली प्रेमकथा. शिपाई, घरी वाट बघणारी पोरगी, मागे व्हायोलिन. पोरं कसली गुटगुटीत! आमच्या बरगड्या मोजता यायच्या.
डेलमिरा कसावा सोलत होती. हात पुसत आली, बघू म्हणाली.
शेवटी एक क्षण — बर्फावर उताणा पडलेला पोरगा, हातपाय खुंट्यांना बांधलेले. फोन हिसकावून घ्यावासा वाटला.
कोणी बांधलं त्याला, डेलमिराने विचारलं. मी म्हटलं, इंग्रजांनी.
ब्रेंडा म्हणाली, "नाही आजोबा, आपल्याच लोकांनी. खायचं चोरलं की बांधायचे. सगळ्यांना माहीत आहे."
सगळ्यांना!

१३ मार्च
लिनो माझा खंदकातला जोडीदार. डेलमिराचं लग्न त्याच्याशी ठरलं होतं. परत आल्यावर मी तिला सांगितलं — गोळी लागली, लगेच गेला, त्याला कळलंसुद्धा नाही. दुसरं काय सांगणार? चोरलेल्या एका मेंढीपायी आपल्याच कॉर्पोरलने रात्रभर उघड्यावर बांधून ठेवला, गारठून मेला, असं? आणि आम्ही बघत उभे होतो, असं?
पुढे आमचंच लग्न झालं. चाळीस वर्षं उलटली. ती अजून ती गोळीच खरी मानते.

१५ मार्च
सकाळी येर्बा-मातेचा कडू चहा प्यायला बसलो. पहिलाच तुंबा परत देताना डेलमिरा "आभार" म्हणाली आणि उठली. आभार मानले की पुढचा भरायचा नाही. एरवी किटली रिकामी होईपर्यंत हलत नाही ती.
कळलं असेल का? औषध घेतलं की नाही, तेही आठवेना.

१६ मार्च
जेवताना डेलमिराने मीठ मागितलं. मी अख्खी बरणीच पुढे केली.

१८ मार्च
ब्रेंडाला बाजूला घेऊन सांगितलं, आजीला त्या सिनेमाला नेऊ नकोस, तिचे गुडघे दुखतात. हसायला लागली. म्हणाली, "आजोबा, सिनेमा बसून बघतात!" तिकिटं आजीनेच काढायला सांगितली आहेत म्हणे. दोन. दुसरं कोणाचं, विचारायचा धीर झाला नाही.
सगळं खरं कळल्यावर ती माझ्या शेजारी झोपेल का?

१९ मार्च
तुंबा माझ्या हातात देत डेलमिरा म्हणाली, "म्हाताऱ्या, दुसरं तिकीट तुझं आहे. आणि लिनोचं मला आपलं लग्न झालं त्या आठवड्यापासून माहीत आहे."
कोणी सांगितलं, मी विचारलं.
"तूच. झोपेत ओरडतोस — दोर सोडा, मरेल तो. मी म्हणते, सोडला रे. मग झोपतोस."