दोन छबूबाई आणि शून्य नंबरची सीट

जामखेड, रविवार

चि. सम्राट यास आजी छबूबाईचा जयभीम. पुण्यात वेळेवर जेवतोस ना? माझे गुडघे सोडले तर इकडे सगळे बरे आहेत. (मी सांगते, निकिता लिहिते. माझं तोंड आणि तुझ्या बहिणीचं अक्षर, दोन्ही सांभाळून घे.)

महिला मंडळाच्या भंडारदरा सहलीसाठी तू मोबाईलमध्ये सीट शोधायचं जे अ‍ॅप केलंस, त्याची हकीकत ऐक. नाव घातलं की नंबर सांगतं, म्हणून बायांनी तुझं लई कौतुक केलं. पण मंडळात छबूबाई दोन. दुसरी ती शेळीवाली, जिच्या शेळीनं माझा कढीपत्ता बुडख्यापर्यंत खाल्ला, जिनं ते कबूल केलं नाही आणि जिच्याशी मी दोन वर्षं अबोला धरला. तुला बजावलं होतं, तिला यादीत पहिली घाल, मला बाविसावी. मधे वीस बाया असू देत. यादी तू तशीच केलीस. पण छबूबाई विचारलं की अ‍ॅपचं दोघींना एकच उत्तर, शून्य.

निकिता म्हणते, तुमच्या त्या स्विफ्ट नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत रांग शून्यापासून मोजतात (पहिल्या माणसाला शून्य म्हणायचं ही कुठली रीत?), आणि तू लिहिलंस ते पहिलं नाव जुळलं की तिथंच थांबतं. तुझा आजा असाच. लग्नातून निघताना चपलांच्या ढिगातला पहिला जुळेल तो जोड पायात. अरे, पहिला खडा सापडला म्हणून सूप खाली ठेवतं का कुणी? शेवटच्या दाण्यापर्यंत जायचं, जिथं जिथं खडा तिथं तिथं बोट ठेवायचं.

ड्रायव्हर कल्याण म्हणाला, "आजी, शून्य नंबर आपल्या गाडीत न्हाई. केबिनमधे इंजनावर पोतं टाकतो, दोघी बसा." (रिकाम्या सीटांवर रंगुबाईनं आपले डबे बसवले होते, ते काही उठेनात.) खालून शेक, समोर तिचं तोंड. नगरपर्यंत मी काचेतून रस्ता पाहिला. संगमनेरला ती म्हणाली, "छबू, गुडघ्याला शेक बरा वाटतो का गं?" मी बोलले नाही. (व्हय म्हणणं म्हणजे काही बोलणं नव्हे.)

तर ते दुरुस्त कर. एका नावाच्या जितक्या बाया, तितक्या सगळ्या जागा दिसल्या पाहिजेत.

तुझी आजी

ता. क. निकिता म्हणते, दुरुस्ती एका ओळीची आहे. मग एवढा पगार कशाचा घेतोस?

ता. क. दुसरा. निकिता क्लासला गेली. हे अक्षर शेळीवाल्या छबूबाईचं. ती चहाला आली आहे आणि चौथी शिकलेली आहे. पुढच्या सहलीला बाकीच्यांचं दुरुस्त कर, आमच्या दोघींचं शून्यच राहू दे.

(बाळ सम्राट, कढीपत्ता माझ्याच शेळीनं खाल्ला होता. हे छबूनं सांगितलेलं नाही, मी माझ्या मनानं लिहिते. तिला वाचता येत नाही, तूही वाचून दाखवू नको.)