रिलीव्ह्ड म्हणजे सुटली

अण्णा,

परवा मला दवाखान्यातून घरी आणलं. नातीने धरून धरून इंदिरानगरच्या या तिसऱ्या मजल्यावर चढवलं, खुर्चीत बसवलं आणि दवाखान्याचा कागद हातात दिला. घरी सोडताना रोग्याची अवस्था काय, असं तळाशी इंग्रजीत छापलं होतं आणि पुढे शाईने लिहिलं होतं, रिलीव्ह्ड. "म्हणजे बरी झालीस आजी," ती म्हणाली. मी म्हटलं, "बरं झालेल्याला क्युअर्ड म्हणतात. हा नुसता उतार." ती हसली, म्हणाली, एकच की गं. एकच नाही, हे तिला समजावून सांगायचं त्राण माझ्यात नव्हतं. मी फार थकले आहे, अण्णा. तुम्हाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. दोन ओळी झाल्या की पेन खाली ठेवावं लागतं.

तुम्ही गोदाकाठच्या त्या धर्मादाय दवाखान्यात कारकून होतात. त्या दवाखान्याची आता वीटही उरलेली नाही. तुमच्या टेबलावर एक जाडजूड नोंदवही असायची आणि तिच्यात प्रत्येक रोग्यापुढे क्युअर्ड, रिलीव्ह्ड, नाहीतर डाइड, असा एक शब्द टाकून गोरा डॉक्टर मोकळा व्हायचा. त्या शब्दाचं मराठी करून गावाकडच्या माणसांना कार्ड धाडायचं, हे तुमचं काम. घरी आलात की तेच शब्द माझ्या मागे लावायचात, कारण मी मॅट्रिकला बसणार होते आणि मुलगी इंग्रजीत पहिली यावी अशी तुमची हौस होती. आई चुलीपुढे भाकऱ्या थापते आहे, तुम्ही पाटावर बसून माझी उजळणी घेता आहात. "रिलीव्ह. सांग." मी सांगते, हलकं करणे. "अजून?" मदत करणे. "अजून?" मी अडते. मग तुम्ही सुरू होता. पहाऱ्यावर नवा शिपाई आला की तो जुन्याला रिलीव्ह करतो. वेढा पडलेल्या किल्ल्याला कुमक पोचली की किल्ला रिलीव्ह होतो. दुष्काळात सरकार खडी फोडायचं काम काढतं, ते रिलीफ. पांडवलेण्यांतल्या मूर्ती दगडातून वर उठून दिसतात ना, तोही रिलीफच. आई मागे न बघता म्हणते, "आणि आमच्या हातातलं पीठ कुणी घेतलं तर?" "तेही," असं म्हणून तुम्ही हसता, पण उठत मात्र नाही. "एका शब्दात चार-चार बिऱ्हाडं राहतात," तुम्ही मला म्हणता. "आपण कुणाची कडी वाजवतोय, तेवढं बघायचं."

तुमचे डोळे दुखायला लागले तेव्हापासून रविवारी तुम्ही कार्डं घरी आणू लागलात. तुम्ही येरझाऱ्या घालत सांगायचं आणि मी लिहायचं. माझं अक्षर तुम्हीच घोटून घेतलेलं, त्यामुळे तुमचं कुठलं आणि माझं कुठलं हे आईलासुद्धा ओळखता येत नसे. त्या रविवारी पाच-सहा कार्डं झाली. त्यातलं एक विंचूरचं होतं. तिथली एक शेतकरीण पोटाच्या दुखण्याने महिनाभर दवाखान्यात होती आणि तिच्यापुढे डॉक्टरने रिलीव्ह्ड लिहिलं होतं. कार्डात गेलं ते असं: आपली बाई सुटली. येऊन जावे.

त्यानंतर तीन आठवडे तिला न्यायला कुणी आलं नाही. "आमच्या धन्याला इसर पडला," असं म्हणत ती दवाखान्याच्या ओसरीवर तांदूळ निवडत बसायची. मी तुमचा डबा घेऊन आले होते तेव्हाच तिचा नवरा आला. मिशी काढलेली, डोकं भादरलेलं. ओसरीकडे न बघता सरळ तुमच्या टेबलाशी गेला आणि कार्ड पुढे करून म्हणाला, "सायेब, आमच्या मानसाचं काय लुगडं-बिगडं ऱ्हायलं आसंल तर द्या." तुम्ही कार्ड वाचलंत. वाचताना तुमचा चेहरा कसा उतरत गेला, ते मी दारातून पाहिलं. तेवढ्यात ओसरीवरून हाक आली, "आवो, हिकडं हाय मी!" तो वळला आणि मटकन खालीच बसला. कार्ड पोचलं तेव्हा चार दिवस उलटले होते, आता काय माती राहिली असेल म्हणून त्यांनी गावातच सगळं आटपलं होतं. ती त्याच्या डोक्याकडे बघत राहिली.

"माझं दहावं बी केलं व्हय?"

"केलं."

"कावळा शिवला का?"

"नाय शिवला. लय येळ वाट पायली त्याची."

"मंग तवाच कळायचं व्हतं न्हवं," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. आम्ही सगळेच हसलो, सुटल्यासारखे. हसता हसता तिने विचारलं, "आन् माज्या आईला कुनी सांगितलं?" नवरा उठून तिचं गाठोडं बांधायला लागला. तिने पुन्हा विचारलं. तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "सांगावा धाडला व्हता. म्हातारीनं आन्न सोडलं. चौथ्या रोजी गेली." त्या बाईचा पुढचा आवाज मला या वयातही नीट लिहिता येत नाही.

चौकशी झाली. डॉक्टरने कार्ड तुमच्यापुढे टाकलं, तेव्हा तुम्ही सांगितलंत, "अक्षर माझंच आहे." घरी येऊन मला म्हणालात, "तुझं नाव घ्यायचं कारणच नव्हतं. तू सांगितलेलं लिहिलंस. जीभ माझी घसरली." आठवड्याने दवाखान्याचा कागद आला, कारकुनाला कामावरून रिलीव्ह करण्यात येत आहे. तुम्ही तो दोनदा वाचलात आणि म्हणालात, "इथे मात्र 'सुटला' चाललं असतं." आई चिडली, तुमच्यावर नाही, त्या डॉक्टरवर. मी परकराचा काठ मुठीत धरून उभी होते. मला तेव्हाच बोलायचं होतं, खरंच होतं. पण परीक्षा तोंडावर आली होती, स्थळं बघायला सुरुवात झाली होती आणि एका म्हातारीचा जीव गेला होता. मी घाबरले.

पुढे तुम्हाला शिकवण्या मिळाल्या, घर चाललं. पण तुमचा स्वतःच्या बोलण्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच. भाजीवालीला अर्धा शेर वांगी सांगून झाली की घरी येऊन मला विचारायचात, "मी अर्धा शेरच म्हणालो ना?" मुलांना शब्दाचा एकच अर्थ सांगायला लागलात, पुस्तकात छापलेला. आणि मी माहेरी आले की आई आत गेल्यावर हळूच विचारायचात, "त्या रविवारी मी नक्की काय बोललो होतो गं? मला उतार म्हटल्यासारखं वाटतं." दर वेळी मी सांगायची, नाही अण्णा, तुम्ही सुटलीच म्हणाला होतात. शेवटच्या दुखण्यातही तुम्ही विचारलंत आणि मी तेच सांगितलं. तुम्ही मान हलवलीत, म्हणालात, "मग बरोबर आहे. माझंच डोकं तेव्हापासून गेलं असणार." मी तुमच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? नातीलाही दाखवणार नाही, तिच्या लेखी तुमची मी गुणाची लेक आहे आणि ते मोडायची हिंमत या वयातही नाही. पण लिहून तरी ठेवते. तुम्ही म्हणाला होतात, "लिही, दुखण्याला उतार आहे, येऊन घेऊन जावे." मला ते फार मिळमिळीत वाटलं. इंग्रजी एक शब्द, तर मराठीही एकच हवा, असं माझ्या शहाणपणाला वाटलं. तुम्ही पाणी प्यायला आत गेलात तेव्हा मी माझ्या मनाने सुटली लिहिलं, आणि चांगलं जमलं म्हणून स्वतःवर खूशही झाले. तुमचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं, अण्णा. तुम्ही जेव्हा जेव्हा विचारलंत, तेव्हा प्रत्येक वेळी मला ते वाक्य अक्षरन् अक्षर आठवत होतं.