आभाळातून उतरलेली पेटी आणि माझी सही

सौ. कृष्णाबाई हिस,

मी, काशिनाथ बाळू भोईर, वय वर्षे बहात्तर, धंदा शेती, शिक्षण मराठी चौथी उत्तीर्ण, राहणार अंबाडीनजीक, तालुका भिवंडी, पूर्ण शुद्धीवर असताना हे लिहितो. तुझ्या नावामागे ‘कैलासवासी’ लावण्याचा आग्रह सर्वांनी धरला. तो मी मानलेला नाही.

लिहिण्याचे कारण असे. आपल्या दत्ताने ग्रामपंचायतीत देण्यासाठी एक टंकलिखित जबाब आणला आहे. भाद्रपदात आपल्या शेतात पडलेल्या पेटीतील विषारी वायूमुळे तू वारलीस, असे त्यात म्हटले आहे. खाली माझी सही हवी आहे. दत्ता लबाडी करीत नाही गं, त्याला ते खरेच वाटते. म्हणूनच मला जड जाते. तू सांग, मी सही करू काय?

ती पेटी तूच प्रथम पाहिलीस. बांधावर गवत कापताना सापडलेला फाटका रबरी फुगा, लांबलचक दोरा आणि थर्माकोलची पेटी घेऊन तू ओटीवर आलीस. आळीतले लोक लांबूनच ओरडत होते, “बॉम्ब हाय, टाक खाली!”

“बॉम्ब असता तर तुमाला सांगाया जित्ती आले असते का?” असे त्यांना सुनावून तू माझ्याकडे वळलीस. “वाचा ना काय लिवलंय ते. चौथी काय फुकट पास झालाव?”

मी मोठ्याने वाचले. सरकारी उपकरण, निरुपद्रवी, वरच्या हवेतील ओझोन मोजण्यासाठी. त्यावर तू काय म्हणालीस, आठवते? “मोजून झालं ना त्यांचं? मंग बर्फ घालून मासली ठेवू त्याच्यान.” सरकारी मालमत्तेत मासळी! मी सर्वांदेखत तुला रागावलो आणि पेटी पोलीस चौकीत जमा केली. पेटीतील नळीमधले चमचाभर पाणी तुझ्या हातावर सांडले होते. ते तू पदराला पुसलेस. आज सारा गाव त्या पदराविषयी बोलतो.

दिवाळी तोंडावर आली असता तू चुलीपुढे बसल्या बसल्या कलंडलीस. तुला स्मशानात पोचवून परतताना वाटेतच गावाचा निकाल लागला होता. आभाळाला भोक पडले आहे, ते गिरण्यांच्या धुराने आपल्याच डोक्यावर पडले आहे, त्यातून पेटी आली, पेटीतून वायू आला. मी कोणत्या तोंडाने हसणार? उकाडा वाढला की त्या भोकाला मीही दोष देत असे.

पेटी परत न्यायला आलेला वेधशाळेचा तरुण अधिकारी माझ्या निरोपावरून पुन्हा आला. त्याला मी खुर्ची दिली आणि विचारले, “आमच्यावर भोक आहे की नाही, तेवढे सांगा.”

“नाही, आजोबा. दूर दक्षिणेला बर्फाच्या प्रदेशावर दरवर्षी ठरावीक ऋतूत वरच्या हवेतला ओझोनचा थर फार पातळ होतो, त्याला भोक म्हणतात. जुन्या फ्रिजमधल्या वायूसारख्या वायूंनी ते झालं. आपल्याकडचा उकाडा ही वेगळी गोष्ट.”

“मग इथे फुगे सोडून मोजता कशाला?”

“आपल्यावरचा थर शाबूत आहे, हे न मोजता कसं कळणार?”

हे उत्तर मला पटले. परंतु दत्ता मध्येच बोलला, “साहेब, एकच सांगा. तो ओझोन श्वासात गेला तर चांगला का वाईट?”

तो भला माणूस. खोटे बोलला नाही. “वाईट. वर असतो तेव्हा उन्हातली घातक किरणं अडवतो, खाली नाकात गेला तर त्रास देतो. पण पेटीत ओझोन भरलेलाच नसतो हो! ती वाटेतली हवा ओढते, मोजते आणि सोडते. नळीत नुसतं क्षाराचं पातळ पाणी.”

“वाईट बोलले ना? झालं तर!” अंगणातून कोणीतरी म्हणाले, आणि लोकांनी तेवढेच उचलले. एकच वस्तू वर राखते आणि खाली बाधते, हे समजण्यास मलाही वेळ लागला. त्यांना काय म्हणू? आता त्या शेतात कापणीला कोणी येत नाही. तुझ्या वालाच्या बियाण्यासाठी भांडणाऱ्या बायका ते नको म्हणतात.

जबाब वाचून झाला त्या दुपारी सूनबाई परसात आली. मनीषाचा आवाज तुला ठाऊकच आहे, पण ती कानाशी येऊन बोलली. “बाबा, पेटी पडायच्या आधीपासून आईंच्या छातीत दुखत व्हतं. लावणीच्या टायमाला मी त्यांना दोनदा पडघ्याला नेलं. डॉक्टर बोलले, ठाण्याला मोठी तपासणी करा. आईंनी मला शपथ घातली. घरात बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील, बोलल्या.”

का गं? लावणी अडेल म्हणून? मी रागावेन म्हणून? तुला ठाण्याला न नेण्याइतका का मी कठोर होतो? आणि त्या पोरीच्या गळ्यात असली शपथ! तिने ती पाळली, आणि तरीही तुझे तसेच तोंड पाहिले.

माझी अडचण तुझ्या ध्यानात आली असेल. सही केली तर मनीषा सुटते. आभाळावर दोष ठेवला की घरात कोणाला काही विचारावे लागत नाही. नाही केली, तर उद्या हाच गाव म्हणेल, सुनेने तोंड मिटले आणि सासू घालवली. परंतु तुझे शेत विषारी म्हणवून घेऊ? उद्या दुसरी पेटी उतरली तर तिला दगडांनी ठेचू देऊ?

दत्ताचा जबाब मी फाडलेला नाही, सहीविना परत देणार आहे. माझा जबाब मी स्वहस्ते लिहिला आहे. त्यात तुझे दुखणे आहे, तुझी शपथ आहे, आणि मनीषाने तुझ्या आज्ञेबाहेर काही केले नाही, हेही आहे. ग्रामपंचायतीपुढे तो मी उभा राहून वाचीन. कृष्णाबाई, मी वचन देतो, या पोरीला बोल लावणाऱ्याने आधी माझ्याशी बोलावे, मग तो आपला मुलगा का असेना.

तुझा,
काशिनाथ बाळू भोईर

समक्ष साक्षीदार:
१. मनीषा दत्तात्रेय भोईर, सून. तिला सर्व वाचून दाखविले. तिने रडत सही केली.
२. दत्तात्रेय काशिनाथ भोईर, मुलगा. ओटीवर उभा राहून त्याने सर्व ऐकले आहे. अद्याप आत आलेला नाही. त्याच्या सहीची जागा कोरी ठेवली आहे.