५२४२८७ ला भाग जात नाही

१ ऑगस्ट २००२
आधी तब्येती. बायकोचा, म्हणजे नवसाबाईचा, गुडघा: विचारला, तर म्हणाली विचारून बरा होतो का. म्हणजे बरा आहे. मनोजचं पित्त: बसलं. सूनबाईचा खोकला: उतरला. कालच बसवलेला फोन: ठणठणीत. नंबर ५२४२८७.

मी चौथी पास, पण नजर पारखी. ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून कुणाच्या बापाचा भाग जायचा नाही. सहादू मास्तर, गणितात चाळीस वर्षं खडू झिजवलेला माणूस, फूलबाजारात सगळ्यांदेखत हसला. पैज लागली. फोनचा नंबर मूळ निघाला तर एका रविवारी भर बाजारात त्याने मला 'गुरुजी' म्हणायचं. नाहीतर त्याच्या ओट्यावर बसून मी तीसपर्यंत पाढे म्हणायचे.

रोज एक भाजक, तोही मूळच. आज दोन. नाही गेला.

४ ऑगस्ट
सात. बाकी एक. थोडक्यात वाचलो. वाचलो कसला, वाचणारच होतो.

२० ऑगस्ट
एकाहत्तर. बाकी तेवीस. मनोज म्हणतो कॅल्क्युलेटर घ्या, एका संध्याकाळचं काम. दुसऱ्याने चावलेला घास मी गिळत नाही. उद्यापासून रोज पाच भाजक.

२१ ऑगस्ट
एकच. पेन खराब होतं.

१५ ऑक्टोबर, दसरा
घरचे पहाटेपासून झेंडू तोडतायत. मी ३८३ वर. नवसाबाई म्हणाली, "गिऱ्हाईक दारात उभं हाय, आन तुम्ही त्या फोनला कापत बसले." बाकी ३४३. अडाणी बाई. चहा मात्र वहीशेजारी ठेवून गेली.

६ डिसेंबर
७१९. बाकी १३६. संपलं! ७२४ च्या पुढच्या कुठल्याही दोन संख्या गुणल्या की नंबरच्या डोक्यावरून जातात, म्हणून पुढे बघायचं कारण नाही. मास्तर दोन तास वही चाळत होता. चूक सापडेना. वर मी म्हटलं, नंबरात एक मिळवा आणि अर्धं अर्धं करत जा, थेट एकावर उतराल. करून बघितलं आणि चष्मा पुसत बसला बिचारा. परवा रविवार. सदरा इस्त्रीला दिला.

७ डिसेंबर
फोन खात्याची चिठ्ठी. उद्यापासून सगळ्या नंबरांपुढे दोन लागणार. लागू दे. टोपी घातली म्हणून माणूस बदलत नाही.

८ डिसेंबर, रविवार
फूलबाजार. मास्तर आला. 'गु' ओठावर आलेला मी पाहिला. मग कुणीतरी चिठ्ठीची गोष्ट काढली. मास्तर म्हणाला, आजचा नंबर सांग. सांगितला. त्याने बोटांवर आकडे मिळवले.
"बेरीज तीस, गोटीराम. तीनने भाग जातो."
मनोज ऑगस्टमधल्या त्या एका संध्याकाळबद्दल काहीतरी पुटपुटला. लक्ष दिलं नाही.
संध्याकाळी मास्तरचा ओटा. एकोणीसच्या पाढ्याला अडलो. त्याने हळूच पुढचा आकडा सांगितला. आगाऊ.

९ डिसेंबर
खात्याला अर्ज टाकला. साहेब, आमच्या नंबरापुढे दोनऐवजी चार लावावा. तपासायला मला वर्षभर पुरेल. मास्तर थांबतो म्हणाला आहे. उत्तर लवकर पाठवावं. पत्रानेच. या नंबरवर फोन करू नये.