पडलेल्यावर काठी

नाशिक,
२६ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप तात्यांस,
नीलमचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही दोन वाक्यांत बोलणं आवरता, म्हणून पत्र लिहिते. पोळ्याच्या मारामारीचा व्हिडिओ वैष्णवीवहिनीने पाठवला. तोरणाखालून पहिली जोडी कोणाची, एवढ्यासाठी आपली भावकी एकमेकांची डोकी फोडते आणि बैल बिचारे झुली पांघरून बघत उभे! यात जनावर कोण, तुम्हीच सांगा.

चुलत्यांचा भागवतदादा रक्तात पडलेला, वरून काठ्या, आणि त्यात शहात्तर वर्षांचे आमचे वडील उडी घेतात. एकाहत्तरची लढाई संपली, तात्या. तुम्हाला कोणी कळवलं नाही का? आता बसा मनगट प्लास्टरमध्ये घालून.

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. पोलिसांनी विचारल्यावर बालाजीचं नाव तुम्ही स्वतः सांगितलंत म्हणे. पोटच्या पोराचं! व्हिडिओत कोणाचाच चेहरा नीट दिसत नाही. तुम्ही गप्प राहिला असतात तर माझा भाऊ आज घरी असता. मला तुमचा फार राग आलाय. उत्तर पाठवा. लोभ आहेच, तो रागातही कमी होत नाही.

तुमची,
नीलम


सोनतळ, ता. पूर्णा,
२ सप्टेंबर २०२५

चि. सौ. नीलम हीस,
तात्यारावाचे अनेक आशीर्वाद.

उजवा हात गळ्यात आहे, म्हणून मी सांगतो आणि वैष्णवी लिहिते. मध्येच ती पदर डोळ्यांना लावते, मग मी थांबतो. तिच्याच नवऱ्याची गोष्ट तिलाच लिहायला लावतोय, पण घरात दुसरं कोण आहे?

घडलं ते असं. भागवतने त्याची जोडी आपल्यापुढे घातली. बालाजीने त्याचा कासरा ओढला. भागवतने आईवरून शिवी दिली. मग दगड सुरू झाले. एकाचे दात पडले, एकाचा कान फाटून लोंबायला लागला. बैल बुजले, त्यांच्या शिंगांच्या बेगडावर रक्त उडालं. भागवत कोयता घेऊन धावला, तेवढ्यात बालाजीची काठी त्याच्या कानावर बसली. नारळ फुटावा तसा आवाज झाला. भागवत पडला, कोयता लांब गेला. इथपर्यंत मी मारामारी म्हणेन, दोघांच्याही हातात हत्यार होतं. पण बालाजीने पडलेल्यावर पुन्हा काठी उचलली.

पोरी, मी माणसं मारली आहेत. त्याचं पदक तू शाळेत मिरवायचीस. संगिनीने मारलेला माणूस अंगावरच मरतो, त्याचा शेवटचा श्वास आपल्या तोंडावर येतो. पण हत्यार सुटलेल्याला आम्ही हात लावला नाही. असा एक जखमी तर पाठीवर घेऊन दवाखान्यात नेला. परक्या शिपायाला एवढं केलं, मग सख्ख्या भावाच्या पोराला का नाही? म्हणून त्याच्यावर आडवा झालो. माझ्या हातावर कोणाची काठी बसली ते पालथा असल्याने दिसलं नाही. जे दिसलं ते पोलिसांना सांगितलं. बालाजी माझा आहे, म्हणून ते मीच सांगायला हवं होतं. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही, हेही खरं.

भागवत परभणीच्या दवाखान्यात बेशुद्ध आहे. मी रोज एसटीने डबा घेऊन जातो. त्याच्या बायकोने, गीताने, पहिल्या दिवशी तो माझ्या अंगावर फेकला. दुसऱ्या दिवशी घेतला. तुझा राग तुझ्याजवळ ठेव, पण जावयांना आणि पोरांना माझे आशीर्वाद सांग.

तुझा,
तात्या


सोनतळ,
१० सप्टेंबर २०२५

चि. बालाजी यास,
नीलमताईचे अनेक आशीर्वाद.

तीन दिवस झाले, मी इथेच आहे. भागवतदादा शुद्धीवर आला, पण जीभ अडखळते. तू जेलमध्ये नीट जेवतोस ना? वहिनी विचारायला सांगते, आणि लगेच म्हणते की मेलं नको विचारू.

वकिलांना भेटले. ते म्हणाले की सगळा भार तात्यांच्या शब्दावर आहे. आई गेल्यापासून म्हातारा भ्रमिष्ट झालाय, त्याला जिथंतिथं लढाई दिसते, असं मी कोर्टात सांगावं. लेकीचं सगळे खरं मानतात. बालाजी, मी हो म्हणून आले. तुझ्यासाठी.

तात्या गोठ्यात एका हाताने वैरण टाकत होते. वकील काय म्हणाले ते त्यांनी विचारलं आणि माझ्याने खोटं बोलवलं नाही. ते म्हणाले की म्हण बाई, म्हातारा येडा झालाय म्हण, लोक हसले तर हसू दे. पर जे पाहिलं ते पाहिलं न्हाई, असं म्हननार न्हाई. मग पुन्हा वैरण टाकायला लागले. मला तिथेच मातीत बसून रडायला आलं.

हे मला एकटीला झेपत नाही. तू म्हणशील तसं मी करेन, पण तू म्हण. घरात तुझ्यावर कोणाची माया आटलेली नाही.

तुझी,
ताई


परभणी कारागृह,
१८ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप तात्यांस,
बालाजीचा शि. सा. नमस्कार. तुम्ही घ्यावा.

वकिलांना आज सांगितलं की तात्याचं डोकं जागेवर हाय, त्या दिवशी माझंच नव्हतं. ते लय चिडले. ताईला सांगा की तिला काही म्हणायचं नाही, तिने पोरांकडे जावं.

तुमचा हात गर्दीत मोडला, असं गाव म्हणतं. तुम्ही पोलिसांना म्हणालात की दिसलं नाही. दिसलं नसेल, पण तुम्हाला कळलं होतं. भागवतला मारलेलं तुम्ही सांगितलंत आणि स्वतःचं तेवढं पोटात ठेवलंत.

तात्या, ती काठी माझी होती. मी तुम्हाला ओळखलं होतं, तुमचा फेटा मला दिसत होता. हाड मोडल्याचं ऐकलं आणि तरी मी परत काठी उचलली. तुम्ही हात बाजूला घेतला असता तर मी भागवतला जिवे मारलं असतं. तुम्ही तो मोडका, लोंबता हात तसाच त्याच्या डोक्यावर ठेवला. ओरडला नाहीत, वर पाहिलंही नाहीत. ते बघून माझ्या हातातली काठी गळाली. भागवत तुमच्यामुळे जिवंत आहे आणि मी तुमच्यामुळे खुनी झालो नाही.

हे सगळं मी कोर्टात सांगणार आहे, तुमच्या हाताचंसुद्धा. शिक्षा होईल तेवढी होऊ द्या. त्या दिवशी तुम्ही या. तुमचा एक कान तोफेने नेलाय, म्हणून पुढच्याच बाकावर बसा. मी मोठ्याने सांगेन.

हाताला जपा. राग सरेल तेव्हा सरेल, तोवर मुलगा म्हणून पदरात ठेवा.

तुमचा,
बालाजी